फोटोतल्या तलावाला कुंपण कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेतातल्या घरापाशी पोहण्याचा तलाव कसा बांधावा, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. आमच्या गावात पेपर एसटीने येतो, तोही दुपारी. त्याआधीच माझ्या भाच्याने त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "पाहा मावशी, पेपरातल्या तलावालेबी कुंपण नाही." त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे. वर्षभर मी त्याच्या मागे लागले होते आणि तो थोडा थोडा वळतही होता. आपल्या अर्ध्या पानाने माझं सगळं बोलणं पुसलं गेलं.

लेखात फरशीचा रंग आहे, पाण्याखालचे दिवे आहेत, पाणी गाळायचं यंत्र आहे. शेवटी चार शब्द आहेत : 'लहान मुलांकडे लक्ष ठेवावे.' मी नम्रपणे विचारते, हे लक्ष कोणी ठेवायचं?

गेल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी याच भाच्याच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. आम्ही मोठी माणसं बावीस. तलाव नवाच बांधलेला, साडेचार फूट खोल, घराच्या ओट्यावरून उतरलं की थेट पाण्याच्या पायऱ्या. माझी नात तेव्हा अडीच वर्षांची. सकाळी मुलं पाण्यात खेळली, मग सगळ्यांना बाहेर काढून कोरडे कपडे घातले. आता पाण्याचा विषय संपला, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. पण एक चेंडू पाण्यावर तरंगत राहिला होता. तो कोणी काढला नाही.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून रोडगे काढून आम्ही बाया राख झटकत होतो. मुलीने विचारलं, "आई, छकुली तुयापाशी आहे न?" मी म्हटलं, "मले वाटलं तुयापाशी आहे." एवढंच बोलणं झालं. तेवढ्यात गोवऱ्या आणायला गेलेल्या सालदाराला, म्हणजे शेतावर सालाने ठेवलेल्या गड्याला, पाण्यात पिवळा फ्रॉक फुगलेला दिसला. त्याला पोहता येत नव्हतं, तरी त्याने उडी मारली. पाणी त्याच्या छातीएवढंच होतं.

बाहेर काढल्यावर एकाने तिला पाय धरून उलटी केली आणि गरगरा फिरवायला सुरुवात केली. दुसरा पोट दाबा म्हणत होता. पाहुण्यांत एक नर्सबाई होत्या, त्यांनी पोरीला अक्षरशः हिसकावून घेतलं, जमिनीवर पाठीवर निजवलं, तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. पोरगी ओकली आणि रडली. मग तालुक्याचा दवाखाना, तिथून अमरावती, तीन दिवस. ती वाचली. त्या बाई त्या दिवशी आल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही.

मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. दुसऱ्यांची वीस-पंचवीस लेकरं एकावेळी सांभाळली. माझ्यापासून तीस फुटांवर माझी नात बुडत होती आणि मला काही ऐकू आलं नाही. गाणी लावलेली नव्हती, कोणी भांडत नव्हतं. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नाकातोंडात पाणी गेल्यावर ज्याला श्वास घेता येत नाही, त्याला हाक कशी मारता येणार? आपल्या डोक्यात बुडणं म्हणजे हातपाय मारणं आणि 'वाचवा, वाचवा'. बहुतेक वेळा तसं काहीच होत नाही.

त्यानंतर वर्षभर माझ्या मुलीला एकच प्रश्न ऐकावा लागला, "तुझं लक्ष कुठं होतं?" सासरच्यांनी विचारला, शेजारणींनी विचारला, दवाखान्यातही विचारला. मला कोणी विचारला नाही, बांधकाम करणाऱ्याला नाही, ओट्यावरून थेट पायऱ्या काढून घेणाऱ्यालाही नाही. आपल्या बातम्यांतही 'आईचे लक्ष नसताना' हे शब्द असतातच. बापाचं लक्ष नसताना असं मी कधी वाचलं नाही.

भाच्याच्या संत्र्याच्या बागेला चारी बाजूंनी तारेचं कुंपण आहे. हरभऱ्याला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे विजेचा हलका झटका देणारी तार, आहे. पिकावर दिवसरात्र लक्ष ठेवणं माणसाच्या हातचं नाही, हे त्याला नीट कळतं, म्हणून तो कुंपणावर खर्च करतो. तलावाचं नाव काढलं की मात्र म्हणतो, "मावशी, जाळी लावली तं शो जाते."

म्हणून कुंपण कसं असावं हे मीच लिहिते. उंची निदान चार फूट. ते तलावाच्या चारी बाजूंनी हवं. तीन बाजूंना जाळी आणि चौथीला घराची भिंत असं चालत नाही, कारण मूल घरातूनच येतं. गज उभे असावेत, आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून मुलं चढतात. दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. फाटक पाण्याच्या उलट दिशेला उघडणारं, सोडलं की आपोआप बंद होऊन कडी बसणारं, आणि कडीचा खांब कुंपणापेक्षा उंच घेऊन कडी साडेचार फुटांवर. कुंपणाला लागून खुर्ची, बाज, बादली काही ठेवू नये. पोहणं झालं की चेंडू, टायर, सगळं बाहेर काढावं. ताडपत्री टाकली की झालं, असंही समजू नये, मूल तिच्याखाली गेलं तर दिसणारही नाही. आणि लहान मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हात लांबवला की पोहोचेल इतक्या जवळ हवं, हातात मोबाईल न घेता. दंडावर हवा भरलेल्या तरंगायच्या बाह्या चढवल्या म्हणून त्याला सोडून बसता येत नाही.

फ्रान्सने 2003 साली पोहण्याच्या खासगी तलावांना कुंपणासारखं एखादं सुरक्षेचं साधन कायद्यानेच बंधनकारक केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2021 साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा. 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस आहे. त्या दिवशी पेपरात दोन ओळी तरी द्याव्यात.

हे श्रीमंतांचं दुखणं आहे, असं कोणी म्हणू नये. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली, तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल अशी तळी झाली. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की त्यावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. पडलेल्याला धरायला काठावर गाठी मारलेला दोर तरी बांधून ठेवावा. तोही मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. आणि आमचा वरूड-मोर्शीचा पट्टा ड्राय झोनमध्ये आहे, म्हणजे इथलं जमिनीतलं पाणी उपसून फार खाली गेलं आहे. उन्हाळ्यात संत्र्याची झाडं वाळतात, बोअर खोल खोल जातात, अशा वेळी बोअरच्या पाण्याने तलाव भरण्याचं कौतुक करताना लेखिकेला काहीच वाटलं नाही का? पण तो वेगळा विषय आहे, त्यावर मी पुन्हा लिहीन.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी, त्याच पानावर, फरशीचा फोटो जेवढा मोठा होता तेवढ्याच जागेत कुंपणाचं चित्र मापांसह छापावं. मला त्याचं कात्रण भाच्याला द्यायचं आहे. त्याच्याकडे मे महिन्यात पुन्हा सगळे जमणार आहेत, या वेळी चार लहान मुलं असतील. माझ्या बोलण्यापेक्षा पेपरात आलेलं त्याला खरं वाटतं.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. मोर्शी, जि. अमरावती