पायाची नाडी कोण पाहणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पायाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या आत बारीक फुगा घालून आणि तो फुगवून उघडतात, त्यावरचा लेख आपल्या दैनिकात वाचला. लेख चांगला होता. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलँडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली चिंचोळी झालेली धमनी एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून रुंद केली. पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या त्या बाई पुढे आपल्या पायांनी चालल्या. हे वाचून कोणालाही हुरूप येईल. पण आमच्या भागात हा लेख एखाद्या बिडी ओढणाऱ्या तरुणाच्या घरी वाचला गेला, तर त्या घराला वाटेल की आपल्या पोराचाही पाय असाच मोकळा होईल. बहुतेकदा तसं होत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारा, होतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या पट्ट्यात नोकरी झाली. इकडे उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला अख्खं घर पहाटे जंगलात जातं, आणि पुढे अंगणात सूप मांडीवर घेऊन बाया बिड्या वळतात. माझी आईही वळायची. माझ्या शाळेची फी त्यातूनच भरली गेली. तेव्हा बिडी वळणाऱ्या हातांविषयी माझ्या मनात आदरच आहे. प्रश्न ओढणाऱ्याच्या पायाचा आहे.

ड्रेसिंगच्या टेबलावर दोन तऱ्हेचे पाय यायचे. एक शुगरवाल्याचा, बधिर झालेला, ज्याला काटा रुतला तरी पत्ता लागत नाही. त्यावर आता बरंच बोललं जातं. दुसरा पाय तिशी-पस्तिशीच्या गड्याचा. शुगर नाही, बीपी नाही, रोवणीत दिवसभर चिखलात उभा राहणारा माणूस. अंगठ्याचं टोक काळं पडलेलं आणि दुखणं असं की पट्टीला नुसतं बोट लागलं तरी ओरडायचा. हे लोक रात्र रात्र खाटेवरून पाय खाली सोडून बसतात. "पाय लटकवला का बरं वाटते, भाऊ," हे वाक्य मी कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल. लटकवून पायाला सूज येते. मग घरचे लोक, आणि कधी कधी दवाखान्यातलेही, सूज उतरावी म्हणून पाय उशीवर ठेवायला लावतात. तसं केलं की उरलंसुरलं रक्तही बोटांपर्यंत पोचत नाही आणि माणूस तळमळतो.

आमचे सर्जन अशा केसपेपरवर 'टीएओ' लिहायचे आणि तोंडाने 'बर्जर' म्हणायचे. हे बर्जर कोण, हे मी त्यांनाच विचारलं होतं. ते त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये उभ्या उभ्या सांगितलं, नंतर मी स्वतः शोधून वाचलं.

लिओ बर्जर यांचा जन्म १८७९ मध्ये व्हिएन्नातला. लहानपणीच घरच्यांबरोबर ते अमेरिकेत आले आणि १९०१ मध्ये न्यूयॉर्कला डॉक्टर झाले. तिथल्या माउंट सायनाय हॉस्पिटलात ते शस्त्रक्रियाही करत आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतही बसत. रशिया-पोलंडकडून आलेल्या ज्यू स्थलांतरितांमध्ये त्या वेळी तरुण माणसांची बोटं आणि पाय सडण्याचा एक विचित्र आजार दिसत होता. शेवटी पाय कापावा लागायचा. कापलेल्या अवयवाचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. फडक्यात गुंडाळून तो नातेवाइकांच्या हवाली करणं किंवा खड्डा करून पुरणं, हे काम माझ्याकडेच असायचं. बर्जर यांनी असे अकरा कापलेले अवयव प्रयोगशाळेत नेले, त्यांतल्या रक्तवाहिन्या वरपासून खालपर्यंत सोडवल्या, त्यांचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हाताऱ्या माणसाची धमनी चुना साचल्यासारखी कडक होते. तसं त्यात काही नव्हतं. धमनीची भिंत बऱ्यापैकी शाबूत होती, पण पोकळी सुजेने भरलेल्या गुठळीने गच्च बंद झाली होती. शिरांमध्येही तेच. १९०८ मध्ये त्यांनी हे छापलं आणि रोगाला थ्रोम्बोअँजायटिस ऑब्लिटरन्स असं नाव दिलं. केसपेपरवरचं 'टीएओ' ते हेच. फेलिक्स फॉन विनिवार्टर नावाच्या सर्जनने अशा एका रुग्णाचं वर्णन १८७९ मध्येच केलं होतं, म्हणून काहीजण दोघांचीही नावं घेतात.

बर्जर यांचा रोजचा व्यवसाय तसा मूत्ररोगांचा. मूत्राशयात पाहण्याची ब्राउन-बर्जर दुर्बीण कितीतरी वर्षं जगभर वापरली गेली. तरी हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विषय त्यांनी सोडला नाही. १९२४ मध्ये त्यावर त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९४३ मध्ये ते गेले. मला या माणसाचं मोठेपण वाटतं ते यासाठी की लोक जे पुरून टाकतात, त्यात त्यांनी पुढच्या रुग्णासाठी उत्तर शोधलं.

आरंभी हा विशिष्ट लोकांचाच रोग असावा असं पुष्कळांना वाटत होतं. पुढे त्याच हॉस्पिटलातल्या सॅम्युअल सिल्बर्ट यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षं पाहून ठामपणे सांगितलं की तंबाखू पूर्ण सुटली तर रोग थांबतो आणि चालू राहिली तर वाढतो. आज हा रोग कुठल्याही देशात, कुठल्याही जातीधर्माच्या तंबाखूवाल्यात दिसतो.

आता फुग्याचं आणि बायपासचं. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ क्युनलँ यांनी रुग्णाची स्वतःचीच शीर वापरून पायात बायपास केला, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट दिली, तेव्हापासून लाखो पाय वाचले. पण त्याला खाली उघडी धमनी लागते, नाहीतर नवी जोडलेली शीर रक्त नेणार कुठे? बर्जरमध्ये रोग बोटांकडून, बारीक वाहिन्यांतून सुरू होतो आणि वर सरकतो. इटियाडोह धरणाच्या कालव्याचा शेतकरी हे लगेच समजेल: टेलचा पाटच बुजला असेल तर मुख्य कालवा कितीही साफ करा, बांधीत पाणी येत नाही. आमच्या गावाजवळच्या एका घराने बैलजोडी विकून शहरात मोठं ऑपरेशन करवून घेतलं. मुलगा घरी आला तो खिशात बिडीचा कट्टा घेऊनच. इतक्या ठिकाणी दाखवलं, पण बिडी पूर्ण सोड असं त्याला कोणी बसवून सांगितलं नव्हतं. पाय गुडघ्याखालून गेला.

ओळखायला मशीन लागत नाही. माणसाला खाटेवर उताणं झोपवा, दोन्ही पाय उचलून एक-दोन मिनिटं वर धरा. चांगल्या पायाचा तळवा गुलाबी राहतो, रक्त कमी असलेला पांढराफटक पडतो. मग त्याला बसवून पाय खाली सोडायला लावा. तोच पाय हळूहळू रंग धरतो आणि मग जांभळट लाल होतो. ही बर्जर यांच्याच नावाची तपासणी. पायाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत थोडं वर, आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन जागी नाडी लागते. काही धडधाकट माणसांत पाठीवरची नाडी जन्मापासूनच लागत नाही, म्हणून दोन्ही पाहायच्या. शंका आली तर डॉपलरसाठी, म्हणजे रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीसारख्या तपासणीसाठी, पाठवायचं. एवढं काम सिस्टर करू शकते, आरोग्यसेवक करू शकतो. पण शिबिरात बीपी पाहतात, शुगर पाहतात, चप्पल काढ म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडे फार घात करते. बिडी सोडली म्हणून सांगणाऱ्याच्या खिशात पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. त्याला मनापासून वाटतं की धूर नाही म्हणजे धोका नाही. या रोगाला खर्राही पुरतो. दिवसाला एक बिडीसुद्धा पुरते. गँग्रीन लागण्याआधी सगळी तंबाखू सुटली तर पाय कापायची वेळ क्वचित येते, आणि या रोगात ह्याच्या तोडीचं दुसरं औषध आजही नाही. तेव्हा 'कमी कर' असं सांगणाऱ्याने रुग्णाचं नुकसान केलं असं मी म्हणेन. हिवाळ्यात गार पडलेले पाय शेकोटीला धरू नका, हेही सांगायला हवं. कमी रक्ताची कातडी पटकन भाजते आणि जखम भरत नाही.

माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की मे महिन्यात फडावर शेकडो माणसं एका जागी येतात, तिथे आरोग्य पथकाने चाळिशीच्या आतल्या बिडी-खर्रावाल्यांचे पाय पाहावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात पायदुखीचा रुग्ण 'नस दबली' म्हणून आला की गोळ्या देण्याआधी दोन्ही नाड्या पाहून केसपेपरवर लिहाव्यात. आणि तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवून भागणार नाही, बसभाडं आणि मजुरी बुडवून तिथे कोण जाईल? ते गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून एकदा तरी हवं. तोवर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती फोन फुकट आहे. आपण तो या पत्रासोबत ठळक छापावा.

आपला,
एक निवृत्त ड्रेसर
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया