‘त्याची बायको कुठे होती?’

क्वेबेक सिटी,
मकरसंक्रांत

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पुतळ्याच्या फोटोतला टोपी हातात धरलेला माणूस कोण, असं तू परवा विचारलंस. ज्याने हे गाव वसवलं तो, एवढं मी सांगतेय तोवर तुझा दुसरा प्रश्न आलाच, “आणि त्याची बायको कुठे होती?” तेवढ्यात रेंज गेली. म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्याचं नाव सामुएल द शाँप्लँ. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रुआजचा, दर्यावर्दी घरातला. ब्रुआज म्हणजे मिठाच्या व्यापाराचं बंदर. पुढे ते गाळाने भरलं, समुद्र मागे हटला. १६०३ साली तो पहिल्यांदा इकडे आला आणि नंतर वीसहून जास्त वेळा त्याने अटलांटिक ओलांडला. एकेका खेपेला दोन-दोन महिने. आजोबा बोटीवर गेले की तू कॅलेंडरवर फुल्या मारायचीस. तू बायकोचं का विचारलंस ते कळलं मला.

३ जुलै १६०८ रोजी तो इथे उतरला आणि नदीकाठी लाकडी वखार बांधायला घेतली. नदी सेंट लॉरेन्स. खुला समुद्र कितीतरी लांब, तरी इथे आपल्या खाडीसारखी भरती-ओहोटी चालते, आणि मला पाण्याकडे बघत उभं राहायला तेवढं निमित्त पुरतं. ‘केबेक’ हा इथल्या मूळ लोकांचा शब्द, नदी अरुंद होते ती जागा. पहिल्या हिवाळ्याला २८ माणसं होती, वसंतात ८ उरली. मागच्या आठवड्यात आमचं हीटिंग दोन रात्री बंद होतं आणि घरमालक नुसता ‘उद्या बघतो’ म्हणत होता, तेव्हा दोन रजया अंगावर घेऊन मी त्या आठ जणांचाच विचार करत होते. पण थंडीपेक्षा जास्त माणसं खाल्ली ती हगवणीने आणि स्कर्व्हीने. खारवलेलं मांस महिनोन्महिने, ताजं काही नाही; हिरड्या सुजून सडायच्या, दात हलायला लागायचे. त्याच्या सत्तर-बहात्तर वर्षं आधी जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी इथेच बर्फात अडकला होता. त्याच्या माणसांना इथल्या लोकांनी एका झाडाच्या पाल्या-सालीचा काढा देऊन वाचवलं होतं. बहुधा आपल्या अंगणातल्या मोरपंखीच्या नात्यातलं झाड. शाँप्लँ आला तोवर ती गावं नाहीशी झाली होती आणि काढा सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

१६०९ मध्ये तो आपल्या व्यापारातल्या मित्रटोळ्यांच्या बाजूने मोहॉक लोकांशी लढायला गेला. बंदुकीत चार गोळ्या भरल्या, एका बारात दोन सरदार जागीच पडले. इथे हे शौर्य म्हणून सांगतात. बंदूक कधी न पाहिलेल्या माणसांवर ती चालवण्यात कसलं शौर्य, मला काही पटत नाही.

आता बायको. एलेन बुले. १६१० च्या डिसेंबरात पॅरिसला लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची, हा चाळिशीच्या आसपास. हुंडा ६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). दोन वर्षं नवऱ्याने तिला नांदवायचं नाही, असं करारातच होतं. पुढच्याच वर्षी त्याने माँट्रियलजवळच्या एका बेटाला तिचं नाव दिलं. ती फ्रान्समध्ये, तिच्या नावाचं बेट इथे. लग्नानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, १६२० मध्ये, ती पहिल्यांदा इथे आली. तेव्हा वखारीची अशी दशा होती की घरात सगळीकडे पाऊस गळत होता आणि फळ्यांच्या फटींतून वारा शिरत होता. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. बावीस वर्षांची पॅरिसची मुलगी, आजी! चार वर्षं काढली तिने. कमरेला एक छोटा आरसा लावून फिरायची म्हणतात, आणि त्यात स्वतःला बघून इथली माणसं म्हणायची, ही आम्हाला आपल्या हृदयाशी ठेवते. दंतकथाच असेल. १६२४ मध्ये ती परत गेली ती कायमची. नवरा गेल्यावर मठात शिरली, जोगीण झाली, फ्रान्समधल्याच ‘मो’ नावाच्या शहरात तिने स्वतः मठ काढला.

मूलबाळ नव्हतं. १६२८ मध्ये इथल्या लोकांनी तीन मुली त्याच्या हवाली केल्या. त्याने नावं ठेवली श्रद्धा, आशा आणि दया, अर्थात फ्रेंचमध्ये. एक आपल्या माणसांत परत गेली. १६२९ मध्ये इंग्रजांनी गाव घेतलं तेव्हा उरलेल्या दोघींना तो फ्रान्सला न्यायला निघाला होता, पण इंग्रज सरदाराने जाऊ दिलं नाही. तो १६३३ मध्ये परत आला आणि १६३५ च्या नाताळाच्या दिवशी इथेच गेला. एलेन फ्रान्समध्येच होती.

एक गंमत सांगते. शाँप्लँचं खरं चित्र एकही नाही. पुस्तकांत छापतात तो चेहरा भलत्याच एका माणसाच्या चित्रावरून घेतलेला. कबरही सापडलेली नाही. म्हणजे तू फोटो बघून ‘नाकी-डोळी बरा आहे’ म्हणालीस, ते श्रेय पुतळा करणाऱ्याचं. आणि तो शिल्पकार पुढे टायटॅनिकवर होता, वाचला.

उन्हाळ्यात माँट्रियलला गेले की एलेनच्या बेटावर जाईन. तिथे आता मेट्रो जाते. तुला तिथून व्हिडिओ कॉल करते, बाबांना फोन चार्ज करून ठेवायला सांग.

तिळगूळ पोचले, डबा उघडून बसलेय. पुढच्या पार्सलात आमसुलं धाड.

तुझी,
मनी