दरोडा नव्हे, चोरी

अमळनेर
चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी तुझा मेसेज आला, ‘रूमवर दरोडा पडला’. तुझी आई हातातली कळण्याची भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. आजी तर ओट्यावर बसूनच ओरडली, “माय वं, पोऱ्याले लुटी लिधं!” तुला फोन लागेना. अर्ध्या तासाने कळलं, तू मेसमध्ये जेवायला गेला होतास आणि दाराला कडी नव्हती. लॅपटॉप गेला.

अरे, याला चोरी म्हणतात. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाच्या घरात हा शब्द असा वापरू नये. समोर माणूस असताना मारहाण करून किंवा धाक दाखवून हिसकावलं, तर ती जबरी चोरी. तेच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं, तर दरोडा. चौघे असतील तर नाही. 1860 च्या दंड संहितेत हे कलम 391 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 310 झालं. आकडा बदलला, पाच मात्र पाचच राहिले. फिर्यादीत ‘चार-पाच इसम’ असं लिहून आलं की वकिलांची सगळी उलटतपासणी त्या ‘चार-पाच’वरच चालायची!

पण कायद्याचा शब्द आणि लोकांचा शब्द एक असतोच असं नाही. 14 एप्रिल 1944 ला आपल्या शिंदखेडा तालुक्यात, चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारला निघालेला इंग्रज सरकारचा खजिना साताऱ्याच्या प्रतिसरकारवाल्यांनी, म्हणजे इंग्रजांविरुद्ध स्वतःचं समांतर सरकार चालवणाऱ्या क्रांतिकारकांनी, अडवून नेला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. बंदुका होत्या, माणसंही पाचापेक्षा जास्त होती. कलमाच्या हिशेबाने दरोड्याला काहीच कमी नव्हतं. पण इकडे तुला कोणी ‘चिमठाण्याचा दरोडा’ म्हणताना ऐकू येणार नाही. ‘खजिना लुटला’, असंच म्हणतात, तेही छाती काढून.

लूट हा शब्द आहेच असा. मूळ संस्कृत ‘लुण्ठ्’, अर्थ हिसकावणं. इंग्रजीतला लूटसुद्धा इथूनच गेलेला. आणि आपल्या घरात? दसऱ्याला सोनं लुटतो, बोरन्हाणाला पोरं बोरं लुटतात. तुझी आई तर संक्रांतीला वाण लुटते, म्हणजे चक्क स्वतःच्या पैशाने आणून वाटते. यंदा स्टीलच्या चाळण्या आणल्यात, चाळीस. त्या बिलाकडे बघून लुटलं कोण गेलं, हे मला विचारू नकोस.

‘धाड’चं असंच. संस्कृत ‘धाटी’ म्हणजे हल्ला. पूर्वी धाड घालायचे लुटारू, आता टाकतात आयकरवाले. आणि तुझा फोन बंद असला की आजी विचारते, “काय धाड भरलीय याला?”

असो. लॅपटॉपची मूळ पावती या पाकिटात घातली आहे. तिच्यावर सिरियल नंबर आहे, तो अर्जात आधी लिही. अर्जात ‘दरोडा’ लिहू नकोस, ठाणे अंमलदार हसेल. आणि दाराला कडी बसवून घे, पैसे पाठवतो.

तुझे
नाना