आजींच्या आठवणींसाठी रविवारी जमूया

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या आजींना जाऊन येत्या रविवारी महिना होतोय. सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी यावं. भाषणं नकोत, असं त्यांच्या लेकीनं सांगितलंय. आठवणी सांगा, तेच खरं.

तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी आली की आजी पहाटे ४ लाच भाकऱ्या थापायला बसायच्या. वारकऱ्यांचे पाय चोळताना तेल आधी स्वतःच्या तळहातावर कोमट करून घ्यायच्या, गार हात लागू नये म्हणून. नातवंडांनाही शेजारी बसवून तेच शिकवलं.

हार-फुलं आणू नका. यंदाच्या पालखीसाठी किलोभर ज्वारी आणा. त्यांचा पितळी डबा कोनाड्यात ठेवलाय, त्यातच ओतायची. शेवटी भजन आहे, टाळ सोबत असू द्या.