शिक्का न मारणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या पर्चेसमध्ये दिवसाला कितीतरी माणसं येतात, त्यामुळं मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, पंपांची ड्रॉइंग करून देणारी, गावभागातून स्कूटीवर आलेली ती मी. माझ्या कोटेशनवर तासाला 180 रुपये दर होता आणि खाली एक ओळ, ‘दर कमी-जास्त करता येईल.’ इनवर्डचा, म्हणजे कागद दाखल करून घेतल्याचा, शिक्का तुमच्या हातात होता, पॅड उघडं होतं. तुम्ही कागद वाचलात, शिक्का खाली ठेवलात, पॅडचं झाकण लावलंत. मग कागदाची घडी घालून माझ्यापुढं सरकवलीत. “ताई, हे मी अजून घेतलेलं नाही. घरी जाऊन नीट हिशेब मांडा आणि उद्या आणा.”

मला वाटलं, काम गेलं. तुम्हाला ते चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण तुम्ही पाणी मागवलंत आणि म्हणालात, “या दरात माणूस सहा महिने टिकतो. मग ड्रॉइंग अर्धवट आणि आमचं काम अडकतं. आम्हाला तेच महाग पडतं.”

त्या झाकण लावल्याच्या आवाजाचं मोल कळावं म्हणून आधीचं सांगते. सहा वर्षं मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम केलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. कॉम्प्युटर माळ्यावर चढवून आम्ही विश्रामबागला मावशीकडं गेलो आणि तिथून, भावाच्या लॅपटॉपवर, मी त्यांची ड्रॉइंग ठरल्या तारखेला पाठवली. दिवाळीच्या तोंडावर दर वाढवून मागितला. उत्तर आलं, “सांगलीत राहता, तुम्हाला खर्च तो काय?” घरात अजून ओल होती हो तेव्हा. बिलं तीन-तीन महिने अडकायची, फोन केला की अकाउंट्सवाले मीटिंगमध्ये. आणि मी गप्प, कारण आहे ते काम जाईल ही भीती. तो राग अजून गेलेला नाही.

घडी उलगडली तेव्हा मागच्या बाजूला तुमच्या पेन्सिलीचं अक्षर होतं: वीज, रजा, पीएफ, रिकामे तास. एवढंच. रात्री ते समोर ठेवून बसले. नोकरदाराच्या पीएफमध्ये मालक 12 टक्के घालतो, माझ्यात कोण घालणार? महिन्याला दोनशे तास टेबलाशी बसले तरी बिलात जेमतेम 120 लागतात; बाकीचे फुकटच्या दुरुस्त्यांत आणि पैशांच्या मागं लागण्यात जातात. ताप आला की कमाई बंद. सगळं धरून दर 310 निघाला. बेरीज बरोबर होती तरी तो आकडा कोटेशनवर लिहायला हात धजत नव्हता. ती शेवटची ओळ मात्र खोडली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घासाघीस केलीत, तुमचं कामच ते. पण एकेक ओळ विचारून केलीत. मला गरज किती आहे, याचा अंदाज घेत बसला नाहीत. 290 ला ठरलं. जाता जाता उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्यायला सांगितलंत. छोट्या उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडं अडकवता येत नाहीत आणि हा कायदा 2006 पासून आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. देणाऱ्याच्या खुर्चीत बसून!

साहेब, 180 वर शिक्का मारला असता तर तुम्हाला कुणी बोल लावला नसता, उलट वरच्यांनी पाठच थोपटली असती. समोरच्याला त्याचा भाव कळत नाही हे दिसत असताना त्याचा फायदा न घेणारी माणसं आपल्याकडं आहेत, आणि आपलं काम चोख करूनही तसं वागता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून फोनवर दर सांगताना माझा आवाज खाली जात नाही.

पहिलं बिल चाळिसाव्या दिवशी जमा झालं. आईला मेसेज दाखवला, तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

मार्चअखेर तुम्ही निवृत्त होताय असं गेटवर कळलं, म्हणून घाईनं लिहिलं. सोबत आईनं केलेल्या भडंगाचा डबा गेटवर ठेवला आहे. तेवढा मात्र परत पाठवू नका.

तुमची,
ड्रॉइंगवाली ताई