कपडेपटातून

लंडन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. कोट जाड आहे, जेवण वेळेवर होतं. कुळथाची पिठी संपली, पण त्यासाठी कुणाला धावपळ करायला लावू नका.

बाबा, गेल्या फोनवर तुम्ही "तिकडे कसल्या लोकांत वावरतेस?" म्हणालात आणि मी फोन ठेवला. चुकलंच माझं. म्हणून हे पत्र.

आधी इथली एक गंमत. नव्या नाटकाच्या पहिल्या तालमीला सगळे गोलात बसतात, अगदी आम्ही कपडेपटवालेसुद्धा. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि लोकांनी आपल्याला कोणत्या सर्वनामाने बोलवायचं तेही सांगायचं: 'शी' म्हणजे ती, 'ही' म्हणजे तो, की 'दे'. हे 'दे' म्हणजे मागणं नव्हे हो, 'ते'. एकट्या माणसाला 'ते'! पहिल्या दिवशी मला हसूच आलं. मग आठवलं, आई, तू जन्मभर बाबांना 'हे' आणि 'ते'च म्हणत आलीस की! इंग्रजीत 'मी आले' म्हटल्यावर बाई की पुरुष कळत नाही. आपल्याकडे आलो, आले करताच क्रियापद चुगली करतं. माझी जीभ अजून अडखळते. चुकले तर कुणी ओरडत नाही, नीट सांगतात आणि काम पुढे सुरू.

आता तुमचा मुद्दा. दशावतारात पुरुष द्रौपदी होतो, बालगंधर्वांसारखं नेसायला बायका शिकल्या, मग ट्रान्स बाईची, म्हणजे जन्मताना मुलगा म्हटलं गेलं पण जी स्वतः बाई आहे तिची, भूमिका ट्रान्स नटीनेच करावी हा हट्ट कशाला? मलाही तसंच वाटायचं. पण बाबा, तेव्हा बायकांना रंगमंचावर मज्जाव होता, म्हणून पुरुष नेसले. इथेही १६६० पर्यंत पोरंच ज्युलिएट व्हायची. पण ट्रान्स लोकांना बाकीच्या भूमिका सहसा कुणी देत नाही, आणि त्यांच्याच आयुष्यावर नाटक आलं की तीही दुसऱ्याला, वर वाहवाही त्यालाच. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, तिथल्या मोठ्या नाट्यगृहांत, नव्या नाटकातली मुख्य भूमिका पहिल्यांदा ट्रान्स बाईने केली ती २०१८ मध्ये, पेपरमिंट नावाच्या नटीने. काल-परवाची गोष्ट ही.

इथल्या ग्लोब थिएटरला आपल्या जुन्या घरासारखं गवताचं छप्पर आहे. तिथे २०२२ मध्ये 'आय, जोन' झालं. त्यातली जोन ऑफ आर्क, फ्रान्ससाठी लढलेली ती मुलगी, स्वतःला बाईही म्हणवत नाही, पुरुषही नाही, आणि काम करणारा कलाकारही तसाच. पडदा उघडायच्या आधीच आरडाओरडा: आमची वीरांगना पळवली! मला तोही राग समजतो. पण खऱ्या जोनला १४३१ मध्ये जाळलं, तेव्हा पुरुषी कपडे घालणं हाही तिच्यावरचा ठपका होताच.

माझं काम मात्र टेप आणि टाचण्यांचं. माप घेताना आधी विचारते, "हात लावू का?" परवा एकाने छाती घट्ट बांधून ठेवलेली. मी टेप सैल धरला, आकडा लिहिला, वर पाहिलं नाही. तो पुटपुटला, "थँक्स." एवढंच. दशावतारी बरे, आपल्या पेटाऱ्यावर बसून आपलं आपण नेसतात.

पैसे टाकलेत, चाळीस हजार. आधी माडीची कौलं करा, दादाच्या लग्नाचे पुढच्या महिन्यात पाठवते. सुट्टी मागितलीय, पण प्रयोग लागलेत, त्यामुळे हळदीला पोचेन असं नाही. लग्नाला येतेच. बहुतेक. मालवणच्या स्थळाला इतक्यात हो म्हणू नका. आणि आई, विचारलं तर 'कंपनीत आहे' नको सांगूस, नाटकात कपडे शिवते असंच सांग.

तुमची,
बेबी

ता. क. बाजारातल्या टेलरकडचा तो मुलगा, ज्याने मला काजं करायला शिकवलं. आम्ही सगळी त्याला बायल्या म्हणायचो. मीही. तो मुंबईला गेला ना? त्याच्या आईकडे पत्ता असला तर घेऊन ठेव.