करसवलत कळंबच्या बाजारात का दिसत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयकर आणि जीएसटी कमी केल्याने लोकांच्या हातात पैसा खेळेल आणि बाजाराला उठाव येईल, असे गेले वर्षभर वाचतो आहे. कळंबला आमचे कापडाचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचे. उठाव आला की नाही, हे मला रोज संध्याकाळी गल्ला मोजताना कळते. म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. त्यासाठी सरकारने सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, पगार पावणेतेरा लाखांच्या आसपास. त्याचे वर्षाला ८० हजार वाचतात. त्या पैशाचे काय करणार, असे विचारले तर म्हणाला, "दादा, फ्लॅटचं कर्ज जरा लवकर फिटंल." यात त्याचे काहीच चुकले नाही, मीही तेच केले असते. पण तो पैसा बँकेतून आला आणि बँकेतच गेला. अमेरिकेत २००८ साली मंदी थोपवायला नवरा-बायकोच्या घरात १,२०० डॉलरपर्यंतचे धनादेश पाठवले होते. तिथल्या पाहणीत जेमतेम पाचातल्या एकाने सांगितले की आपण ही रक्कम मुख्यतः खर्च करणार. बाकीच्यांचा कल बचतीकडे आणि कर्ज फेडण्याकडे होता. बहुतेक धनादेश मे ते जुलैमध्ये पोचले आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही तिथली बडी बँक बुडाली.

आमच्याकडे तर त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. माझ्या उधारीच्या वहीत सोयाबीनवाले शेतकरी आहेत, ऊसतोडीला जाणारी जोडपी आहेत, शेतमजूर आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. यातले आयकर भरतो कोण? जो भरलाच नाही त्याची सूट कशी मिळणार?

जीएसटीचे तसे नाही, तो सगळेच भरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर सरसकट ५ टक्के कर झाला. हजाराच्या वरच्या कपड्याला आधी १२ टक्के होता. १,२०० रुपयांचा शर्ट ८४ रुपयांनी उतरला. हा निर्णय चांगला आहे आणि मी तो पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या पदरात टाकला. पोराला घेऊन रात्री बसून किमतीच्या चिठ्ठ्या बदलल्या. आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला, मांजरा पात्राबाहेर आली, दुकानात माणूस फिरकेना. पाणी ओसरल्यावर एक जुने गिऱ्हाईक आले. खिशातून सोयाबीनची शेंग काढून माझ्या हातावर ठेवली. आत दाण्याला कोंब फुटलेला. "शेठ, दिवाळीचं काही नको. लेकराच्या शाळेच्या ड्रेसचं तेवढं मांडून ठेवा." शर्टाची किंमत उतरली का, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही.

वडील १९७२ च्या दुष्काळाचे सांगत. विहिरी आटलेल्या, पण पाझर तलावाच्या आणि खडी फोडायच्या कामावर मजुरी वाटली की बाजारच्या दिवशी दुकानात बाया यायच्या आणि लुगडे, पोराला धडुते घेऊन जायच्या. मजुरीचा पैसा चार दिवसही घरात टिकत नसे. तो वाण्याकडे, कापडवाल्याकडे, तिथून पुढे गिरणीपर्यंत जायचा. त्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने राज्यात रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला कापले जाणारे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, हा तोच कर. मीही वर्षाचे २,५०० भरतो आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तो कर माफ करण्यापेक्षा वसूल करून कामावर खर्च केला, तेव्हा माझ्या वडिलांचे दुकान चालले.

२०१९ साली कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्याचा बोजा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सांगितला होता. गिऱ्हाईकच नसेल तर कर कमी झाला म्हणून कोणी नवा माग बसवत नाही. मी तरी दुकानाला दुसरे शटर काढणार नाही.

तेव्हा येत्या अर्थसंकल्पात सवलतीचा आकडा मांडण्याआधी सरकारने एवढे करावे. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण सरकारी खरेदी सुरू झाली दिवाळीनंतर. तोवर गरजवंतांनी मिळेल त्या भावाने माल आडतीवर घातला होता. यापुढे खरेदीचे काटे दसऱ्याला सुरू करावेत. पुराने खरवडून गेलेल्या जमिनीत माती भरायचे आणि बांध घालायचे काम रोजगार हमीतून काढावे आणि मजुरी कायद्याप्रमाणे १५ दिवसांत द्यावी. २०२५-२६ साली हा दर दिवसाला ३१२ रुपये होता. नवरा-बायको दोघांना महिनाभर काम मिळाले तर शाळेच्या त्या ड्रेसची उधारी मला मागावी लागणार नाही.

आपला,
एक कापड दुकानदार,
कळंब, जि. धाराशिव